ताट रिकामं परत जाऊ नये म्हणून

वहीतली पहिली नोंद १३ ऑक्टोबर २०२४ ची आहे, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. 'माळ्यावरून ओव्हन काढला. पिन बसत नाही.'

वही ठेवली कारण बँकेतली सवय. मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झालो आणि तोवर स्वयंपाकघरातलं माझं काम म्हणजे सकाळचा चहा आणि सणावारी नारळ फोडणं. मैदा आणि कॉर्नफ्लॉवर यांतला फरक मी डब्यावरची चिठ्ठी वाचून ओळखत असे. अशा माणसाने अडीच महिन्यांत सुक्या मेव्याचा, मसाल्याचा, वर चुऱ्याचा थर असलेला टार्ट घरी भाजला. तो कसा भाजला आणि त्याआधी काय काय बिघडलं ते इथे क्रमाने लिहितो. मी शोधत होतो तेव्हा सगळीकडे फक्त साधलेल्या टार्टचे फोटो होते. फसलेल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

कारण सांगायला हवं. आमच्या समोरच्या दारात आंटी राहतात, मूळच्या म्हापशाच्या. दर नाताळला त्यांच्याकडून ताट येतं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, फ्रूटकेकचे चार जाड काप. दिवाळीत आमच्याकडून फराळ जातो. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही घरांत सारखाच, त्यामुळे त्याच ताटातून साखर तरी, लिंबं तरी, ये-जा चालूच. २०२३ च्या नाताळात आंटींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. ताट आलं, पण बेकरीतून आणलेलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा हातचं काही नाही हो." जणू काही थकबाकी राहिली होती.

तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी आपण काहीतरी करून द्यायचं. तसं बोललोही. ही म्हणाली, "आपण म्हणजे मी." मी म्हटलं, नाही, मी. त्यावर तिने जे बघितलं ते वहीत नोंदवलेलं नाही.

केक करण्यात अर्थ नव्हता. आंटींना केक करून देणं म्हणजे सोनाराला पितळेची अंगठी भेट देणं. टार्ट सुचवला तो लेकीने. ती लीड्सला असते आणि तिथे नाताळात मिन्समीटचे टार्ट घरोघर खातात. नाव ऐकल्यावर आमच्याकडे एक दिवस अबोला होता. मग लेकीने फोनवर आईला समजावलं की पूर्वी त्यात खरोखर खिमा असायचा, आता मनुका, सफरचंद, संत्र्याची साल आणि मसाले असतात. प्राण्याची चरबी अजूनही काही जण घालतात, तिच्या जागी आपण लोणी घालायचं. वरून पारी लावून बंद करण्याऐवजी मैदा, लोणी, साखर आणि अक्रोडाचा भरड चुरा भुरभुरायचा, त्याला ते क्रंबल म्हणतात. खाली खुसखुशीत वाटी, मध्ये ओलसर सारण, वर चुरा. ऐकायला सोपं वाटलं.

तर पिन. लेकीने शिकत असताना घेतलेला अठ्ठावीस लिटरचा ओटीजी माळ्यावर होता. त्याची पिन जाड, सोळा अँपिअरची. आमच्या ओट्यावरचे सगळे पॉइंट सहाचे. अडॅप्टर लावून बघावं असं मनात आलं होतं. तसं करू नका. दीड-पावणेदोन हजार वॅटचं यंत्र तासभर चालतं, वायर तापते. इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणाला आणि १७ तारखेला आला. वेगळी जाड वायर ओढून पॉवर पॉइंट बसवला, ७५० रुपये. त्याच संध्याकाळी ओव्हन वीस मिनिटं रिकामा तापवला. वर्षानुवर्षांची धूळ जळाल्याचा जो वास आला त्याने वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले.

१८ तारखेला पुण्यातल्या बोहरी आळीत गेलो. गाडी लावण्याचा प्रश्न सुटला, कारण तीनच आठवड्यांपूर्वी मंडईपर्यंत मेट्रो सुरू झाली होती. आनंदनगरला बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो. नऊ इंची टार्टचा टिन घेतला, कडा झालरीसारख्या आणि तळाची चकती सुटी, ३४० रुपये. सुट्या चकतीचाच घ्या. अखंड टिनातून टार्ट सबंध बाहेर काढणं म्हणजे मोदकाच्या साच्यात मोदक अडकल्यावर जी अवस्था होते तीच, नऊ इंची. डिजिटल वजनकाटा ४५० रुपये. लेकीने बजावलं होतं, "बाबा, वाटी-चमचा चालणार नाही, ग्रॅममध्ये." मला त्यात अडचण नव्हती. पैसाही इकडचा तिकडे न होऊ देण्यात आयुष्य गेलं.

पहिला प्रयत्न २० ऑक्टोबर, रविवार, दुपारी तीन वाजता. ही वेळ मुद्दाम लिहितो. ऑक्टोबर हीट, पंखा बंद (मैदा उडतो म्हणून) आणि कृतीत लिहिलेलं, 'लोणी फ्रिजमधून काढून बोटांनी मैद्यात चोळावे.' दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम बिनमिठाचं लोणी. चोळायला लागलो आणि चौथ्या मिनिटाला हातात तेलकट गोळा. लाटला तर पोळपाटाला चिकटला, म्हणून मैदा भुरभुरला, परत मळला, परत लाटला. तीन वेळा. टिनात कसाबसा बसवला, कच्चं सफरचंद आणि मेवा भरला, वर चुरा, ओव्हन १८० वर.

पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा टिनाच्या कडा उघड्या पडल्या होत्या. भिंती घसरून तळाशी बसलेल्या, पहिल्या धुण्यात आटलेल्या सुती सदऱ्यासारख्या. चुरा काळा. तळ कच्चा. सफरचंदाला सुटलेलं पाणी टिनाच्या तळातून ओव्हनच्या तळावर. ते पुसायला टार्ट करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. वहीत: 'प्र. १. नापास. चारही विषयांत.' फेकवेना म्हणून दोन दिवस दुधात कुस्करून खाल्ला. हिने शेजारी बसून तोंडातून शब्द काढला नाही, याची नोंद मात्र आहे.

पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघर मला बंद. फराळ. पण त्या दिवसांत मी पहिल्यांदाच करंज्या होताना नीट बघितल्या. ही तूप कडकडीत तापवून मैद्यात घालते, चमच्याने हलवते, मग हाताने चोळते आणि मूठ वळून बघते. मुटका झाला, तर मोहन पुरेसं. मी विचारलं, मोहन कशाला? म्हणाली, खुसखुशीत व्हायला, आणखी कशाला! त्यामागचं कारण मी रात्री बसून वाचून काढलं. पिठाच्या कणांना स्निग्धाचं अस्तर बसलं की त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही, मग पिठात तो चिवट ताण तयार होत नाही. ताण कमी, तर खुसखुशीत. मळलं की ताण वाढतो, आणि ताणलेलं पीठ ओव्हनमध्ये आटतं. माझा सदरा का आटला ते कळलं. तीन वेळा मळला होता.

मग मी हुशारी केली. ९ नोव्हेंबरला टार्टच्या मैद्यातच कडकडीत तुपाचं मोहन घातलं. मुटका उत्तम झाला. भाजल्यावर आटलासुद्धा नाही. पण टिनातून काढताना भिंत हातात आली, दुसरी टेबलावर पडली, आणि सगळ्याची मिळून एक नानकटाई झाली. चव सुरेख! चहाबरोबर डबा दोन दिवसांत संपला. पण त्यात सारण उभं राहीना. करंजीचं पीठ दुधात भिजवून, झाकून, कुटून घेतात आणि ती तळणीत पडते, म्हणून धरून राहते. इथे ते सगळं नव्हतं.

याच प्रयत्नात दुसरा शोध लागला. लेकीच्या सांगण्यावरून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मागवला होता, ४८० रुपये. ओव्हनचं बटण १८० वर असताना आत काटा २०५ च्या पुढे. बटण १६० च्या जरा खाली आणलं तेव्हा आत १८० झालं. शिवाय वरचा दिवा विझला की ओव्हन तापला असं मी समजत होतो, तेही खरं नाही. काटा स्थिर व्हायला वीस मिनिटं लागतात. सगळ्या खर्चात एकच वस्तू घेता येणार असेल तर ही घ्या. बाकीचं उसनं आणता येतं.

खरं वळण आंटींमुळे आलं. फराळाचं ताट परत द्यायला त्या काठी टेकत आल्या. मी काय करतोय हे त्यांना सांगायचं नव्हतं, पण ओट्यावर टिन होता. "हे काय?" मी म्हटलं, प्रयोग. त्यांनी टिन हातात घेऊन चकती वर-खाली केली आणि म्हणाल्या, "याचं पीठ पहाटे करायचं. ऊन आलं की लोणी ऐकत नाही." बस्स. मी काहीच विचारलं नव्हतं. ताटात चार पेरू होते.

१६ नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला उठलो. लोणी रात्रभर फ्रीझरमध्ये. मैदा, पन्नास ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठसुद्धा भांड्यासकट फ्रिजमध्ये. हिची खोबरं किसायची जाड किसणी घेतली आणि गोठलेलं लोणी थेट मैद्यात किसलं. बोटांनी चोळायची वेळ जेमतेम मिनिटभर. मुटका झाला! तोच मुटका, फक्त गार. गरम मोहनाने जे होतं ते इथे गार लोण्याने होतं, आणि वर लोण्याचे जे बारीक तुकडे तसेच राहतात ते ओव्हनमध्ये वितळून वाफ सोडतात, त्यांच्या जागी पोकळी राहते. तुपात पाणीच नसतं, म्हणून ते साधत नाही. अंडं आमच्याकडे येत नाही, त्याऐवजी बर्फाचं पाणी तीन चमचे. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. चपटा करून अर्धा तास फ्रिजमध्ये.

लाटायला पोळपाट सोडून ओट्याचा ग्रॅनाइट वापरला. परदेशात लोक यासाठी मुद्दाम संगमरवराची फरशी विकत घेतात म्हणे. आपल्याकडे ती फ्लॅटबरोबर येते.

टिनात बसवल्यावर काट्याने टोचलं, परत वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं, मग वर कागद आणि कागदावर राजमा भरून १९० अंशांवर पंधरा मिनिटं. राजम्याच्या वजनाने भिंती घसरत नाहीत आणि तळ फुगत नाही. पातळ बटर पेपर वापरू नका, माझा एकदा धुरकटला. बेकिंगचा जाड कागद मिळतो, १३० रुपयांचं भेंडोळं. भाजलेला राजमा नंतर शिजत नाही. डब्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी तो भिजत घालतं. आमच्याकडे घातला. सहा तास भिजून चार शिट्ट्यांनंतरही तो खडखडत होता आणि त्या रात्री पिठलं झालं.

कागद-राजमा काढून आणखी आठ मिनिटं. वाटी उभी! आत काही न भरताच आम्ही दोघांनी ती तोडून खाल्ली. वहीत: 'प्र. ३. कवच पास.'

आता सारण. लेकीने सांगितलं होतं, मेवा महिनाभर आधी रममध्ये भिजव. म्हणून १९ नोव्हेंबरला दुपारी रम आणायला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा, एकटा, कापडी पिशवी घेऊन. दुकान बंद. दुसरं बंद. तिसऱ्या दुकानाच्या शटरपाशी पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला: २० तारखेला विधानसभेचं मतदान. मतदान संपेपर्यंतचे अठ्ठेचाळीस तास ड्राय डे. मी निवडणुकीच्या ड्यूटी केलेला माणूस! २३ ला मतमोजणी, तेव्हाही बंद. शेवटी २४ ला, रविवारी, गेलो.

दुकानदाराला म्हटलं, एक क्वार्टर रम आणि एक दिवसाचा परवाना. तो थांबला. "काका, परवाना?" महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे तीन प्रकार आहेत, आणि विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. हे मला माहीत होतं, कारण आदल्या रात्री वाचलं होतं. त्याने खणातून पुस्तक शोधलं, धूळ झटकली, नाव-पत्ता लिहून पावती फाडली. मागे रांगेत चार जण. एकाने विचारलं, "काय झालं काका, रेड आहे का?" रम १९० रुपये, परवाना ५. पावती वहीत चिकटवलेली आहे.

घरी आल्यावर बाटली कुठे ठेवायची यावर चर्चा झाली. ठराव असा: फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा, देवाच्या दुधापासून दूर. काचेच्या बरणीत शंभर ग्रॅम तासगावचे बेदाणे, पन्नास ग्रॅम काळ्या मनुका, शंभर ग्रॅम बी काढून चिरलेला खजूर, पंचाहत्तर ग्रॅम सुके अंजीर आणि एका नागपुरी संत्र्याची किसलेली साल. फक्त केशरी भाग, पांढरा आला की कडू. त्यावर साठ मिली रम, झाकण घट्ट. दर रविवारी बरणी उलटी-सुलटी करायची. रम नको असेल तर कोऱ्या गार चहात एक रात्र भिजवा. पण तो मेवा दुसऱ्याच दिवशी वापरायचा, महिनाभर ठेवायचा नाही.

१५ डिसेंबरला रंगीत तालीम. बरणीतलं तालमीपुरतं वापरायचं नाही म्हणून निराळा मेवा चहात भिजवून घेतला. मसाल्यांवर इथे घरात मतभेद झाले. हिचं म्हणणं, गोडात वेलची हवी. मी म्हटलं, वेलची घातली की त्याचा शिरा होतो. दालचिनी एक चमचा, सुंठ अर्धा, लवंगा सहा कुटून, जायफळ पाव चमचा यावर मी ठाम राहिलो. जायफळ तिच्या आग्रहाखातर जरा जास्त पडलं आणि तेच बरोबर निघालं. वेलचीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

कवच पास, चुरा पास, चव पास. कापला आणि तळ ओला. पिवळट, चिकट, कच्च्या पोळीसारखा. खरं सांगतो, त्या रात्री वही बंद करून ठेवली. दहा दिवस हातात, आणि ओल कुठून येते तेच कळेना. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर, "बाबा, इथल्या मोठमोठ्या स्पर्धांतही तळ ओला राहतो." याने धीर आला, तळ सुकला नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा तीन गळत्या सापडल्या. एक, सफरचंद कच्चं होतं, त्याचं पाणी आतच सुटतं. दोन, सारण गरम असताना भरलं. तीन, आमच्या ओव्हनचा खालचा रॉड वरच्यापेक्षा मंद आहे, म्हणून वरचा चुरा झाला तरी तळ मागे. पहिल्या दोन सोप्या होत्या. तिसरीवर उपाय हिने काढला. म्हणाली, "बिडाचा तवा ठेवा की आत." ओव्हन तापवतानाच बिडाचा सपाट तवा खालच्या जाळीवर ठेवायचा आणि टिन थेट त्या तापलेल्या तव्यावर. भाकरीला जी खालून धग लागते तीच. तव्याचा दांडा आड येत असेल तर दार लागत नाही, आधी मोजून घ्या. शिवाय भरण्यापूर्वी कवचाच्या तळावर एक चमचा बारीक रवा कोरडाच भुरभुरायचा, उरलीसुरली ओल तो पितो.

२३ तारखेच्या रात्री तयारी. दोन सफरचंदं, साधारण तीनशे ग्रॅम, बारीक फोडी करून तीस ग्रॅम लोण्यात आणि साठ ग्रॅम गुळात शिजवली, पाणी पूर्ण आटेपर्यंत, पंधरा-सोळा मिनिटं. कढईच्या तळाला चिकटायला लागली की झालं. गॅस बंद करून मसाले, अर्ध्या संत्र्याचा रस, बरणीतला मेवा, साठ ग्रॅम अक्रोड आणि चाळीस ग्रॅम काजूचे तुकडे. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये. चुऱ्यासाठी पन्नास ग्रॅम मैदा, पन्नास कणीक, साठ साखर, चाळीस ग्रॅम भरड अक्रोड आणि पंचाहत्तर ग्रॅम गार लोणी. हे बोटांच्या टोकांनीच चोळायचं आणि हरभऱ्याएवढ्या गुठळ्या राहिल्या की थांबायचं. पूर्ण बारीक झालं तर वर वाळूचा थर बसतो. हेही फ्रीझरमध्ये.

२४ डिसेंबर, पहाटे पाच. ओटा इतका गार की हात टेकवत नव्हता, पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला. लोणी ऐकत होतं. सव्वासात वाजता कवच भाजून तयार, आठला भरलेला टार्ट तव्यावर. आतला काटा १८०. वीस मिनिटांनी दालचिनी-लवंगेचा वास जिन्यात गेला. पस्तीस मिनिटांनी काढला, चुरा मधासारखा तांबूस, कडेने सारणाचे एक-दोन बुडबुडे. आता सगळ्यात अवघड काम: दोन तास हात न लावणं. गरम असताना कापला तर सारण वाहतं. मी पेपर घेऊन हॉलमध्ये बसलो आणि एकच पान चार वेळा वाचलं.

उरलेल्या पिठाच्या दोन छोट्या वाट्या केल्या होत्या, चहातल्या मनुका भरून, हिच्यासाठी. तिने एक खाल्ली, दुसरी झाकून ठेवली. "संध्याकाळी बघू," म्हणाली. चारच्या आत संपली होती.

एकूण खर्च ५,३४५ रुपये. सुका मेवा १,९००, लोणी एक किलो ६००, मैदा, सफरचंदं वगैरे किरकोळ ५००, बाकीचे आकडे वर आलेत. पॉवर पॉइंट आणि सामान वजा केलं तर एका टार्टला आता सहाशे-सातशे पडतात. वीज एका टार्टला दीड-दोन युनिट.

नाताळच्या सकाळी टार्ट त्याच ताटात ठेवून समोर गेलो. टिनाची कड काढली होती, चकती मुद्दाम खालीच राहू दिली, सरकवताना तुटेल या भीतीने. आंटींनी ताट टेबलावर ठेवलं, चष्मा लावला. वरचा चुरा त्यांनी बघितलाच नाही. सुरी घेऊन एक काप काढला, उलटा केला आणि तळावर नखाने टकटक केली. कोरडा आवाज आला. मग खाल्ला. "लवंग दोन कमी घाला," म्हणाल्या, आणि दुसरा काप कापला.

ताट २७ तारखेला परत आलं, नेवऱ्यांनी भरलेलं, हातच्या. चकती त्यात नव्हती. वहीतली शेवटची नोंद तीच आहे: 'टिनाची चकती, एक. येणे बाकी.'